दावं

26 जुलै 2005 ला कामवारीचं पाणी आमच्या गोठ्यात शिरलं, तेव्हा काका म्हशींची दावी कापायला गेला. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. भिवंडीत आम्हाला नदी कुठली आणि रस्ता कुठला ते कळत नव्हतं. संध्याकाळी तिन्ही म्हशी पोहत बांधावर आल्या. एकीच्या गळ्यात कापलेल्या दाव्याचा वीतभर तुकडा लोंबत होता. काका दुसऱ्या दिवशी सापडला.

वर्षश्राद्ध झालं आणि काकू धरून बसली: देवघरात याचा वीराचा टाक बसवायचा. भावकीतले जाणते म्हणाले, वीर म्हणजे रणात पडलेला, हा तर पाण्यात गेला. मी सैन्यातून सुट्टीवर आलो होतो, म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला काही सांगता आलं नाही.

पुढे माझी बदली आयझॉलला झाली. तिथे एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या शेगडीपाशी 'पसलठा' हा शब्द पहिल्यांदा ऐकला. पसलठा म्हणजे मिझोंचा जुना योद्धा. ही जात नव्हे, बापाकडून येणारा मानही नव्हे. ज्याने त्याने तो कमवायचा. शत्रू आला, वाघ आला की पुढे व्हायचं, हे तर झालंच. पण एरवीही वाटेत सगळ्यांत जड ओझं आपण उचलायचं, भर पावसात दुसऱ्याच्या घरच्या मयतासाठी खड्डा खणायचा, ताटावर शेवटी बसायचं. या वृत्तीला ते 'त्लॉमङाइना' म्हणतात. अशा माणसाला गावाचा प्रमुख चारचौघांत 'नोपुई' देई, म्हणजे तांदळाच्या दारूचा मानाचा पेला. 1890 मध्ये इंग्रजांशी लढताना पडलेल्या खुआङचेराचं नाव तिथे आपण तानाजीचं घेतो तसं घेतात.

मी अडलो ते यापुढे. मिझोंच्या जुन्या समजुतीत मेल्यावर माणूस मिथी खुआ या मृतांच्या गावात जाई. त्याच्या पलीकडे पियालराल. तिथे भात कांडावा लागत नाही, तांदूळ आयता मिळतो. पण तिथे पोचायचं तर 'थाङछुआ' व्हायला हवं: एक तर ठरलेली मोठी जनावरं मारायची, नाहीतर गावाला ठरलेल्या मेजवान्या घालायच्या. म्हणजे पेला मिळे निःस्वार्थ माणसाला, आणि स्वर्ग शिकाऱ्याला किंवा ऐपतवाल्याला. जन्मभर दुसऱ्याची ओझी वाहणाऱ्याचं कांडण मेल्यावरही सुटू नये, हे मला आजही सलतं. आपल्याकडेही कृष्ण अर्जुनाला सांगतो, मेलास तर स्वर्ग. पण लगेच पुढच्या श्लोकात लाभ-हानी, जय-पराजय सारखे मानायला लावतो. स्वर्गाचा हिशेब मनात धरून लढणाऱ्याला तो मोकळं सोडत नाही.

निवृत्तीनंतर मी गावी परतून इथल्याच एका गोदामावर रखवालीचं काम धरलं. आमच्या वेशीवर शेंदराने माखलेला एक दगड आहे, लहानपणापासून त्याला नारळ फोडत आलो. एका पावसाळ्यात शेंदराचं जाड कवच सुटलं आणि आतली चित्रं दिसली. तळाला चार गाई, झिजून जेमतेम राहिलेल्या. त्यांच्यापुढे ढाल घेतलेला माणूस. वरच्या चौकटीत अप्सरा त्याला उचलून नेताहेत. सगळ्यांत वर तो पिंडीपुढे हात जोडून बसलाय, माथ्यावर चंद्र-सूर्य. वीरगळ होता तो. बोरिवलीजवळ एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई कोरली आहे, पण गुरं सोडवताना पडलेल्यांचे असे दगड महाराष्ट्रात गावोगाव आहेत. आमच्या दगडावर नाव नाही, मुलूख नाही, किती मारले तेही नाही. कोणासाठी उभा राहिला एवढंच खाली कोरलंय, आणि तेवढ्यावर तो कैलासाला पोचलाय.

मी भावकीला दगडापाशी नेलं. गाईंवर बोट ठेवून दाखवलं. जाणत्यांतल्या एकाने चप्पल काढून हात जोडले. बाकीचे काही बोलले नाहीत, पण टाकाला आडवेही आले नाहीत.

सोनाराकडे काकूबरोबर मीच गेलो. ती म्हणाली, "हातात दावं दाखवा." सोनार म्हणाला, "वहिनी, वीराचा ठसा एकच असतो, घोडा आणि तलवार." काकूने तोच घेतला. घरी आल्यावर गोठ्यातल्या खुंटीला इतकी वर्षं अडकवलेला तो वीतभर तुकडा काढून आणला, देवघरात त्याचं वेटोळं केलं आणि टाक त्यावर ठेवला.