सोंग घेणारीची बाजू

'कॉस्प्ले' हा शब्द आपल्या मंडळात आता बऱ्याच जणांना माहीत झाला आहे, आणि तो माझ्यामुळे झाला असं म्हणायला हरकत नाही. ज्यांना अजून माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. कॉमिकमधल्या, सिनेमातल्या एखाद्या आवडत्या पात्राचा पोशाख शक्यतो स्वतः तयार करायचा, तो घालून संमेलनाला जायचं आणि दिवसभर ते पात्र म्हणून वावरायचं. शब्द जपानी घडणीचा. नोबुयुकी ताकाहाशी यांनी तो १९८३ साली एका जपानी मासिकात वापरला. प्रथा मात्र त्याहून जुनी आहे. १९३९ साली न्यू यॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, तेव्हा फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघं भविष्यकाळातल्या माणसांच्या वेषात आले होते. कपडे अर्थातच मर्टलबाईंनी शिवले होते! आपल्याला यात नवल वाटण्याचं खरं तर कारण नाही. दारात फौजदाराच्या वेषात उभा राहून घरच्या माणसांची घाबरगुंडी उडवणारा बहुरूपी आपल्या आजी-आजोबांनी पाहिलेला आहे, आणि कोकणातल्या दशावतारात आजही पुरुष लुगडं नेसून रात्रभर उभे राहतात.

गेली काही वर्षं मी ऑक्टोबरात न्यू यॉर्क कॉमिक कॉनला जाते. मागच्या वेळी वंडर वूमन झाले होते. २०१७ च्या सिनेमातल्यासारखा चामडी स्कर्ट नव्हे, तर जुन्या कॉमिकमधला वेष: लाल चोळी, सोनेरी गरुड, चांदण्यांची निळी आखूड चड्डी आणि दोन्ही मनगटांत रुंद कडी. माझं वय सत्तेचाळीस. तो फोटो फिरत फिरत मंडळात पोचला आणि वार्षिक सभेत, 'ऐनवेळी येणारे विषय' या सदरात, माझा पोशाख चर्चेला आला. मी रविवारच्या मराठी शाळेत शिकवते. अशा बाईने मुलांना शिकवावं का, असा प्रश्न एका ज्येष्ठ सभासदांनी विचारला. माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत आणि आवाज न चढवता बोलले. त्यामुळे उत्तरही नीट द्यायला हवं. सभेत दोन मिनिटं मिळाली होती. इथे संपादकांनी दोन पानं दिली आहेत.

आधी एक मुद्दा बाजूला ठेवते. दुकानात 'अंगाच्या रंगाचे' म्हणून जे टाइट्स मिळतात ते माझ्या अंगाच्या रंगाचे कधीच नसतात. म्हणून पांढरे आणून ते चहाच्या पाण्यात रंगवले होते. म्हणजे सभेत ज्या पायांची चर्चा झाली ते पाय चहात बुडवलेल्या नायलॉनचे होते. पण हा वकिली मुद्दा झाला. दिसायला पाय उघडेच दिसत होते आणि मला ते तसेच दिसायला हवे होते.

'माझं शरीर, माझी मर्जी' हे उत्तरही मी देणार नाही. माझ्या मुलीच्या पिढीला ते पुरेसं वाटतं, मला वाटत नाही. घरात आरशासमोर घातला असता तर तो प्रश्न माझा एकटीचा होता. पण मी तो वेष घालून हजारो लोकांत गेले, फोटोसाठी उभी राहिले. सोंग हे बघणाऱ्यासाठीच असतं. आणि जे बघणाऱ्यासाठी केलं त्यावर बघणाऱ्याने बोलूच नये, हे म्हणणं बरोबर नाही. प्रश्न आहे तो त्याने कशाबद्दल बोलावं हा.

याच वंडर वूमनचं एक उदाहरण आहे. १९४१ साली विल्यम मार्स्टन या मानसशास्त्रज्ञाने हे पात्र निर्माण केलं. त्याला पंच्याहत्तर वर्षं झाली म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाने तिला मुली आणि स्त्रियांच्या सबलीकरणासाठी मानद राजदूत नेमलं. त्यावर खुद्द राष्ट्रसंघाच्या कर्मचाऱ्यांनी निषेध केला. असा बांधा आणि असे तोकडे कपडे असलेलं चित्र जगभरच्या मुलींपुढे आदर्श म्हणून का ठेवता, असं त्यांचं म्हणणं होतं. डिसेंबरातच ते प्रकरण गुंडाळण्यात आलं. मी वंडर वूमनची भक्त असूनही मला तो निषेध योग्य वाटला. नुकतीच सरचिटणीसपदाची निवड झाली होती, तेरा उमेदवारांत सात स्त्रिया होत्या आणि निवड पुरुषाची झाली. मग राजदूत कोण, तर कागदावरची बाई! कर्मचाऱ्यांनी टीका केली ती एका संस्थेच्या निर्णयावर आणि एका चित्रावर. चड्डी घातलेल्या कुणा जिवंत बाईची लायकी त्यांनी काढली नाही.

माझ्याबाबतीत मात्र झालं ते हेच. आणि ते फक्त मंडळात झालं असं नाही. कॉमिक कॉनमध्येही 'वंडर वूमन अशी नसते' असं ऐकलं. तिथे कपडे कमी असण्याला हरकत नव्हती. हरकत होती सावळ्या रंगाला, वयाला आणि पोटाला. एकाचं म्हणणं इतकं कपडे काढू नयेत, दुसऱ्याचं म्हणणं असं शरीर असेल तर काढू नयेत. दोघांनीही वेष पाहिलाच नाही. तो गरुड फोमचा कापून, हीट गनने वळवून, चार वेळा मोडून मी केला होता. त्याची एक बाजू वर गेली आहे हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. आणि ती खरंच वर गेली आहे.

कडी मनगटात का आणि बाकी अंगावर चिलखत का नाही, हेही कुणी विचारलं नाही. या पात्राची सगळी गंमत त्यातच आहे. समोरून गोळी येते आणि ती नुसत्या मनगटाने ती उडवते. चिलखत घातलं की ती इतर योद्ध्यांसारखी होते. म्हणून मी जुना वेष निवडला. हे कारण न पटणारं असू शकतं. त्यावर माझ्याशी वाद घाला, मला आवडेल.

आता आपल्या संस्कृतीचा मुद्दा. बालगंधर्व पंचेचाळिशीतही रंगभूमीवर नायिका होत होते, आणि त्यांच्या साड्यांची, दागिन्यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या. त्याच काळात दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधल्या तारामतीसाठी बाई मिळेना; शेवटी अण्णा साळुंके यांना साडी नेसवली. तोही १९१३ आणि दुर्गाबाई कामत व त्यांची मुलगी कमलाबाई 'मोहिनी भस्मासुर'मध्ये उभ्या राहिल्या तेही १९१३ च. बाईचं सोंग पुरुषाने घेतलं तर कला, बाईने घेतलं तर निर्लज्जपणा. साडी तीच होती. तेव्हा 'आक्षेप कपड्यांना आहे' असं कुणी म्हणालं की मला जरा थांबून विचारावंसं वाटतं, नक्की कपड्यांनाच का?

एक मैत्रीण मला प्रेमाने म्हणाली, "अगं, त्यापेक्षा झाशीची राणी हो ना!" झाले आहे की. पाचवीत असताना, पाठीला उशी बांधून. आपल्यातली कोण झाली नाही? पण त्याच फॅन्सी ड्रेसमध्ये दरवर्षी कुणीतरी 'आदिवासी' होऊन येतो. तोंडाला आणि अंगाला काळा रंग, कमरेला पानं, हातात भाला आणि तोंडाने काहीतरी अर्थहीन ओरडणं. आमच्या लहानपणी यायचा आणि इथे परदेशातही मी आला पाहिला आहे. टाळ्या पडल्या, उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं. मला विचाराल तर आक्षेप घ्यावा असा वेष तो आहे. जिवंत माणसांच्या एका समाजाला आपण हसण्यासाठी अंगाला फासतो. २०१६ मध्ये डिस्नेने 'मोआना'मधल्या माउईचा मुलांचा पोशाख बाजारात आणला होता: तपकिरी कातडीसारखा अंगरखा, त्यावर गोंदण. पॉलिनेशियन लोकांनी विचारलं, आमची कातडी तुमच्या मुलांचा कपडा कशी होते? कंपनीने तो मागे घेतला. कुठेही काही उघडं नव्हतं, मूल पूर्ण झाकलेलं होतं. तरी टीका योग्य होती, कारण त्या वेषाने कुणाचं तरी काहीतरी घेतलं होतं. माझ्या वेषाने कुणाचं काय घेतलं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

'मुलांच्या मनावर परिणाम' हा शेवटचा आक्षेप, आणि तो मी हलका समजत नाही. वर्गात मी तो वेष घालत नाही, फोटो दाखवत नाही. तिथे बाराखडी आणि जोडाक्षरं असतात. पण मुलांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही. न्यू यॉर्कच्या संमेलनात २०१४ पासून मोठे फलक लावलेले दिसतात. 'कॉस्प्ले म्हणजे संमती नव्हे', म्हणजे वेष कसाही असो, विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. माझ्यासोबत फोटो काढायला आलेली मुलं आधी "मे आय?" म्हणतात आणि मी हो म्हणेपर्यंत चार हात लांब उभी राहतात. मुलांच्या मनावरचा हा परिणाम मला चालेल. सभेत दाखवलेला माझा फोटो, जाता जाता सांगते, मला न विचारता काढलेला होता.

ज्या पालकांना आपलं मूल माझ्या वर्गात नको असेल त्यांनी जरूर काढावं, तो त्यांचा हक्क आहे. मुलाला मात्र खरं कारण सांगावं. 'ताईंना वेळ नाही' असं सांगू नये, मला वेळ आहे. कमिटीला मी एक लेखी सूचनाही दिली आहे: पाडव्याच्या फॅन्सी ड्रेसमध्ये अंगाला रंग फासायला बंदी असावी. ती मान्य झाली तर ज्यांची पंचाईत होईल त्यांनी पंधरा दिवस आधी मापं पाठवावीत. शिवणयंत्र घरी आहे, दाढी-मिशांचा साठा आहे, आणि झाशीच्या राणीसाठी उशीपेक्षा बरं बाळही आता मला करता येतं.