घाई तेवढी करू नकोस

चि. छकुलीस,


तुला होस्टेलची पूर्वेच्या खिडकीची खोली मिळाली, असं तुझी आई फोनवर म्हणाली, आणि मला फार बरं वाटलं. तुला उठवायला कधी हाका माराव्या लागल्या नाहीत (तुझ्या आईला अजून माराव्या लागतात, ते असो), तेव्हा तिथंही तू उजाडताच उठशील आणि चहाआधी शुगर बघशील, हे मी धरूनच चालते. फक्त एक सांगते. निजताना १२० होती, रात्री काही खाल्लं नाही, मग सकाळी १८० कशी, म्हणून स्वतःवर रुसू नकोस. पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, काही संप्रेरकं वाढतात आणि यकृत रक्तात साखर सोडतं. हे सगळ्यांचंच होतं गं. इतरांचं स्वादुपिंड त्या वेळी आपसूक इन्सुलिन सोडतं, तुला ते टोचून घ्यावं लागतं, एवढंच. आकडा वहीत लिही, चार दिवसांचे आकडे शेजारी-शेजारी बघ, आणि मग डॉक्टरांना विचार.

तुझ्या शहाणपणाची मला काळजी नाही. काळजी आहे ती घाईची. जेवून तास झाला, मीटरनं २५० दाखवली, की हात लगेच इन्सुलिनच्या पेनकडे जातो. पण जेवणाआधी घेतलेलं जलद इन्सुलिन पंधरा-वीस मिनिटांत कामाला लागतं, त्याचा खरा जोर तास-दोन तासांनी येतो आणि एकूण चारेक तास ते अंगात टिकतं. पहिल्याचं काम चालू असतानाच दुसरं टोचलं, की दोन्ही मिळून मध्यरात्री शुगर पाडतात. भात मंद आचेवर ठेवून सारखं झाकण काढत बसलं तर तो शिजायचा कसा? तसंच हे.

शुगर लो झाली तरी तेच. ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पी, पंधरा मिनिटं थांब, पुन्हा बघ. हातपाय थरथरत असताना ती पंधरा मिनिटं संपता संपत नाहीत, आणि पेढ्यांचा अख्खा डबा समोर ओढावासा वाटतो, हे मला कळतं. पण खव्यातल्या स्निग्धांशामुळे पेढ्याची साखर रक्तात उशिरा पोचते, आणि पोचते तेव्हा नको तितकी चढते. खोलीतल्या सोबतिणीलाही नीट सांगून ठेव: तू शुद्धीत नसलीस तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखान्यात न्यायचं. लाजू नकोस त्यात.

अगं, इन्सुलिनची सुरुवातच मुळी धीराची आहे. ११ जानेवारी १९२२ ला टोरोंटोत लेनर्ड थॉम्पसन नावाच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. मुलगा इतका खंगलेला, की वजन तीस किलोसुद्धा नव्हतं. त्या इंजेक्शनचा म्हणावा तसा उपयोग झाला नाही, उलट टोचलं तिथं गळू झालं. मग तिथल्या संशोधक मंडळींपैकी कॉलिप यांनी इन्सुलिनचा तो अर्क आणखी शुद्ध केला, २३ तारखेला पुन्हा टोचला, आणि मुलाची शुगर उतरली. पुढं त्या मंडळींनी पेटंट प्रत्येकी एका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. आज औषधाच्या दुकानात बिल देताना मला ते डॉलर हटकून आठवतात.

आणि बिलाचं निघालंच आहे तर, काटकसर कर, तुझ्या अंगात ती आहेच. वह्यांच्या पाठकोऱ्या पानांवर गणितं सोडवणारी तू. पण इन्सुलिनमध्ये काटकसर नको. महिनाअखेर आली म्हणून दोन युनिट कमी घेणं, ताप आला, जेवण गेलं नाही म्हणून रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिनच बंद ठेवणं, हे करायचं नाही. तापात शुगर उलट वाढते. उलट्या होऊ लागल्या, दम लागला, की किटोन वाढल्याची शंका घे आणि सकाळची वाट न बघता दवाखाना गाठ. धीर धर म्हणते ती मीच, पण इथं नाही. सुईची जागाही रोज बदलत जा. एकाच जागी टोचून गाठ झाली, की तिथून इन्सुलिन कधी भरभर शोषलं जातं तर कधी फार हळू.

एकादशीला मेसमध्ये साबुदाण्याची खिचडी असेल. उपवासाचं म्हणून ते हलकं समजू नकोस. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट; भातासारखंच मोजून घे, आणि मोजलं की मग मजेत खा.

कुरिअरनं खारे दाणे, मेतकूट आणि पेन बिघडलं तर असावी म्हणून इन्सुलिनची एक बाटली पाठवते आहे. बाटली आली की फ्रीजमध्ये ठेव, बर्फाच्या कप्प्यात मात्र नको. तिच्यासोबत लाल टोपणाच्या सिरिंज आहेत. बाटली ४० ची, म्हणजे दर मिलीला ४० युनिटची आहे, सिरिंजही ४० च्या. पेनमधलं इन्सुलिन १०० चं असतं, ते या सिरिंजमध्ये कधीही ओढू नकोस, अडीच पट जाईल. डोस मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरव. आणि मेतकूट सोबतिणीलाही दे.

तुझी
आजी