तेल किती थंड असावे?

शहरात चालणाऱ्या गाडीला इंजिन ऑइल कूलर बसवावा का, आणि बसवायचा तर केवढा, या प्रश्नाला सहज सुचणारे उत्तर असे: मोठाच बसवावा, इंजिन थंड राहिलेले बरे. हे उत्तर यंत्राबद्दलचे वाटते, पण त्याच्या मुळाशी एक जुनी नैतिक समजूत आहे. जे हितकर, ते जितके अधिक तितके अधिक हितकर, असे ती मानते. उपवास चांगला तर कडक उपवास अधिक चांगला, मौन चांगले तर कायमचे मौन त्याहून चांगले. ही समजूत मला चुकीची वाटते. संयमाचे माप एखाद्या टोकाला नसते, आणि दोन टोकांमधले अंतर मोजून निम्मे केल्यानेही ते सापडत नाही. ज्या कामासाठी संयम पाळायचा, त्या कामातूनच त्याचे माप निघते.

उष्णतेची भीती खोटी नाही. तेल तापले की पातळ होते आणि बेअरिंगमधला त्याचा थर विरळ होतो. तापमान दहा अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. सतत १३० अंशांच्या वर राहणारे तेल फार टिकत नाही. पण एवढ्यावर थांबले तर अर्धीच गोष्ट कळते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे एक लिटर पाणी तयार होते. त्यातले बहुतेक वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जाते. थोडे मात्र पिस्टनच्या रिंगांपासून निसटून खाली तेलात उतरते, आणि त्याच्यासोबत न जळलेले पेट्रोलही. तेल शंभर अंशांच्या आसपास पोहोचून काही काळ तिथे राहिले, तरच हे दोन्ही उडून जाते. घर ते ऑफिस अशा चार-पाच किलोमीटरच्या फेरीत तेल तिथवर पोहोचतच नाही. मग पाणी तेलात घुसळले जाते, तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय धरते आणि आतले आम्ल धातू खाऊ लागते. अशा गाडीला तेल तापण्यापेक्षा ते पुरेसे न तापण्याचाच धोका मोठा. त्यात थर्मोस्टॅट, म्हणजे तेल तापेपर्यंत कूलरची वाट बंद ठेवणारी झडप, नसलेला मोठा कूलर लावला की रोग बळावतो. शिवाय हवेवर चालणाऱ्या कूलरला वारा लागतो. सिग्नलला अडकलेल्या गाडीला वारा मिळत नाही, म्हणजे गरज असते तेव्हा तो पंख्याशिवाय जवळजवळ निरुपयोगी. आणि थंडीतल्या पहाटे मोकळ्या रस्त्यावर, तेल अजून कोमट असताना, तो जोमाने काम करतो. म्हणून पाण्याचे रेडिएटर असलेल्या मोटारीला पाण्याशी जोडलेला कूलर शहरात अधिक शोभतो. पाणी तेलाच्या आधी तापते, त्यामुळे सुरुवातीला तो तेलाला ऊब देतो आणि पुढे त्याची जादा उष्णता काढून घेतो. पल्सर २२० किंवा रॉयल एनफिल्डच्या ६५० सीसी इंजिनाला मात्र पाण्याचा आधारच नाही. तिथे हवेवरचा कूलर मुळापासूनच्या रचनेत येतो आणि त्याचा आकार त्या इंजिनावरून ठरतो.

माणसाच्या संयमाबद्दलही टोके नाकारणारा विचार जुनाच आहे. भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात अति खाणाऱ्याला योग साधत नाही आणि अजिबात न खाणाऱ्यालाही साधत नाही, असे सांगितले आहे. बुद्धाने देह झिजवणारी तपश्चर्या स्वतः करून पाहिली, सोडली, आणि सारनाथच्या पहिल्या उपदेशात भोग व आत्मक्लेश ही दोन्ही टोके नाकारली. ॲरिस्टॉटलने त्याच्या नीतिशास्त्रात मायलो या मल्लाचे उदाहरण दिले. दहा मापे अन्न जास्त आणि दोन कमी, म्हणून सहा सर्वांना योग्य ठरत नाहीत. मायलोला ती कमी पडतील, नवशिक्याला जड होतील. तिघांच्या भूमिका एक नाहीत. तरी नुसत्या त्यागाच्या प्रमाणावरून साधकाची उंची तिघांपैकी कोणीच मोजत नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की लोखंडाला इच्छा नसते, तेव्हा त्याच्यावरून माणसाबद्दल काय ठरणार? काहीच ठरत नाही, हे मान्य. इंजिन मला नीती शिकवत नाही. हेतू ठरल्याशिवाय माप ठरत नाही हा संबंध मात्र तिथे उघडा दिसतो, कारण इच्छेची गुंतागुंत तिथे नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. माप ज्याचे त्याचे वेगळे म्हटले, की प्रत्येक जण आपल्या सोयीला आपले माप म्हणेल. त्यापेक्षा कडक नियम परवडला. पण परिस्थितीनुसार बदलणे वेगळे आणि आवडीनुसार बदलणे वेगळे. मायलोचे अन्न त्याच्या जिभेने ठरवले नाही, कुस्तीने ठरवले. शहरातल्या गाडीला किती गारवा हवा हे मालकाच्या हौसेवर नाही, तिच्या फेऱ्यांच्या लांबीवर आणि उन्हाळ्यातल्या गर्दीवर ठरते. हे माप सापेक्ष आहे, तरीही ते चुकू शकते. आणि जे चुकू शकते ते मनमानी नसते. कडक नियमाचा आग्रह धरणाऱ्याला हे चुकण्याचे भय टाळायचे असते. ते भय मला समजते, पण त्यापोटी इंजिन गोठवणे मला पटत नाही.

खरी अडचण पुढेच आहे. थर्मोस्टॅटमधले मेण ठरलेल्या तापमानाला वितळते. त्याला सवय लागत नाही. माणसाचा उंबरठा मात्र सवयीने सरकतो. रोज रागावणाऱ्याला आपला राग नेहमीचाच वाटू लागतो आणि सतत स्वतःला आवळून धरणाऱ्याला आपला कोरडेपणा शांतीसारखा वाटतो. गाडीतही नेमके हवे ते मोजले जातेच असे नाही: बऱ्याच गाड्यांच्या डॅशबोर्डवरचा काटा पाण्याचे तापमान दाखवतो, तेलाचे नाही. पाणी नव्वदला पोहोचलेले असताना तेल बरेच मागे असू शकते. म्हणून कूलर निवडण्याआधी तेलाच्या तापमानाचा मापक बसवावा. मे महिन्यातल्या गर्दीतही तेल ११० अंशांच्या आत राहत असेल तर कूलर घेऊच नये, आणि त्यावर जात असेल तर थर्मोस्टॅट असलेला, गरजेपुरताच घ्यावा. माणसाला असा मापक स्वतःच्या आत बसवता येत नाही. तो त्याला दुसऱ्याकडे, आपल्याला खरे सांगू शकणाऱ्या माणसाकडे शोधावा लागतो.