‘सोय नाही’

सरकारी कारकुनाच्या लेखणीला जे शब्द फार लवकर वश होतात, त्यांत ‘सोय नाही’ हे दोन शब्द अग्रगण्य होत. ते नकार देतात. पण नाकारणारा कोण, हे सांगत नाहीत.

17 मार्च 2020 रोजी दिल्लीत सर्वोच्च न्यायालयाने नौदलातील स्त्री-अधिकाऱ्यांच्या कायम नेमणुकीसंबंधी निकाल दिला. रशियन बनावटीच्या काही जहाजांवर स्त्रियांसाठी स्नानगृहे नाहीत, सबब समुद्रावरील काम त्यांना देता येत नाही, असा सरकारपक्षाचा एक युक्तिवाद होता. न्यायालयाने तो निराधार ठरविला.

ती उणीव क्षणभर खरी धरली, तरी प्रश्न उरतोच. सागर स्त्री-पुरुष जाणत नाही. जहाजाचा आराखडा मात्र माणूसच काढतो. मग आपणच जे केले नाही, त्याच्या अभावाचा आधार घेऊन दुसऱ्याचा अधिकार रोखणे, हा कोणता न्याय?

गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील डॉ. अदिती पंत 1983 साली, भूवैज्ञानिक डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता यांच्यासमवेत, तिसऱ्या भारतीय अंटार्क्टिका मोहिमेवर गेल्या. आधीच्या दोन मोहिमांत एकही स्त्री नव्हती. हिम तेच होते. बदलला तो निर्णय.

एकांताची गरज खरी आहे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु गरज खरी असेल, तर ती भागविण्याचे ऋण व्यवस्थेवर येते. गरजवंताला बाहेर ठेवण्याचा हक्क तिला त्यातून लाभत नाही.

म्हणून ‘सोय नाही’ असे लिहिणाऱ्याने त्याखाली आणखी एक ओळ लिहावी : ती कोणी, आणि केव्हापर्यंत करावयाची.