वाट कुणी दाखवली?

आमच्या सहावीच्या वर्गात जगाचा नकाशा आहे आणि त्यावर टाचण्यांना अडकवलेला लाल लोकरीचा धागा. हा ओनोनचा प्रवास. ओनोन मंगोलियातला कुक्कू. 2019 च्या उन्हाळ्यात त्याच्या पाठीवर सौरऊर्जेवर चालणारा ट्रान्समीटर बसवला. नाव तिथल्या शाळकरी पोरांनी ठेवलं, म्हणून माझ्या पोरांना तो आपलाच वाटतो. झांबियापर्यंत गेला, परतताना केनियातून अरबी समुद्र ओलांडून भारतात उतरला आणि मे 2020 मध्ये मंगोलियात पोचला. सव्वीस हजार किलोमीटरांहून जास्त. धागा मध्येच संपला तेव्हा एका मुलीनं आजीच्या विणकामातली लोकर आणून दिली.

कुक्कूचं पिल्लू परक्या घरट्यात वाढतं, आपल्या कोकिळेचं कावळ्याच्या घरट्यात वाढतं तसंच. जन्मदात्यांची गाठ पडत नाही. हे ऐकून तीच मुलगी म्हणाली, "बाई, मग पहिल्यांदा जाताना ह्याला वाट कुणी दाखवली?"

"देवानं," एक म्हणाला. "डीएनएनं," दुसरा. दोघांचा सूर एकच, विषय मिटल्याचा. मला ते सोसलं नाही. सात वर्षांची असताना वारीत दिवेघाट मी आप्पांच्या धोतराचा सोगा धरून चढले होते. मला तर पंढरीची वाट दाखवावी लागली. न शिकता येतं त्याला आप्पा पूर्वसंस्कार म्हणत. तो शब्द मी मानते, पण त्यानं विचारणं थांबणार असेल तर नाही.

म्हणून पक्षी-अभ्यासक पर्डेक यांचा प्रयोग सांगितला. हॉलंडमध्ये प्रवासाला निघालेले अकरा हजारांवर स्टार्लिंग, म्हणजे मैनेचे भाऊबंद, त्यांनी पकडले आणि विमानानं स्वित्झर्लंडला नेऊन सोडले. जुनी पाखरं दिशा बदलून नेहमीच्या मुक्कामाकडे, इंग्लंड आणि उत्तर फ्रान्सकडे वळली. त्याच वर्षी जन्मलेली मात्र उपजत दिशेनं सरळ उडत राहिली आणि दक्षिण फ्रान्स, स्पेनला पोचली. दिशा जन्मासोबत मिळते, मुक्काम मिळत नाही. स्वभाव आणि संस्कार यांतली रेघ इतकी स्वच्छ मी कुठल्या प्रवचनात ऐकली नव्हती.

"मग ती चुकली का, बाई?"

पुढच्या हिवाळ्यांत त्यांतली काही पुन्हा स्पेनलाच गेली, मी म्हणाले. ती मुलगी बराच वेळ नकाशासमोर उभी होती. मग निळा धागा मागून घेतला आणि त्याची गाठ स्पेनवर मारली.