मोहोर कोणाची, हात कोणाचा?

बीदरच्या चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना महमूद गवानचा 1472 चा मदरसा लागतो. या बहामनी वजिराचा घात 1481 साली एका खोट्या पत्राने झाला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो की, विरोधकांनी मोहोर सांभाळणाऱ्या गुलामास भुलवून कोऱ्या कागदावर ठसा मिळविला आणि त्यावर ओरिसाच्या राजास स्वारीचे निमंत्रण लिहिले. मोहोर आपली, मजकूर आपला नव्हे, असे गवानने सांगून पाहिले; मद्यधुंद सुलतानाने चौकशीच केली नाही. वजीर गेला, आणि पुढील काही दशकांत राज्याची पाच शकले झाली.

आज मोहोर ज्याच्या त्याच्या खिशात आहे. गाणगापुरास दत्तदर्शनाला आलेला भाविक नारळाचे पैसे मोबाईलवरून देतो. चारसहा आकडे हीच त्याची मोहोर. थोड्या दलालीसाठी कोणी आपले खाते परक्यास वापरू देतो आणि ठकांचा पैसा त्यातून देशाबाहेर जातो. हा त्या गुलामाचाच अपराध नव्हे काय? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणारास 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66सी कलमाने तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

परंतु सुलतानाच्या अपराधाचे काय? संशयावरून खाते गोठविणे कधी अपरिहार्य असते, हे आम्ही जाणतो. पैसा क्षणात पसार होतो. मात्र गोठविल्यावर खातेदारास ‘हा हात तुझाच काय?’ असे विचारणे घाईचे काम नव्हे. आम्ही वकील, म्हणून कदाचित या प्रश्नाचा आम्हांस अधिक लोभ असेल. गवानच्या बाबतीत तो विचारावयास सुलतानाला वेळ होता.