विसावा कुणाकुणाचा?

(शुभवर्तमान : मार्क ६:३०-३४)



प्रेषित गावोगाव सुवार्ता सांगून प्रभूकडे परतले. आपण काय केले, काय शिकवले, हे सांगण्याचा त्यांना केवढा उत्साह! परंतु माणसांची इतकी ये-जा होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना. प्रभूने त्यांना लगेच दुसरे काम दिले नाही. गर्दीपासून दूर एकांती चला आणि थोडा विसावा घ्या, असे त्याने सांगितले. विसावा म्हणजे आळस नव्हे. प्रभूनेच आपल्या माणसांना दिलेली ती देणगी आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबे अशाच विसाव्यासाठी बाहेर पडतात. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण झाला आणि वसईकरांना विदर्भ जवळ वाटू लागला. मुले हट्ट धरतात, यंदा ताडोबाचा वाघ पाहायचा! वडील सुट्टी टाकतात, आई डबे भरते आणि गाडी निघते. देवाची निर्मिती मुलांना दाखवणे ही चांगलीच गोष्ट आहे.

ताडोबा हे महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, स्थापना १९५५ सालची. तिथला एक नियम लक्षात घेण्यासारखा आहे. दर मंगळवारी उद्यान बंद असते आणि जुलै ते सप्टेंबर हे तीन महिने गाभा क्षेत्रात पर्यटकांना प्रवेश नसतो. ८०० किलोमीटरहून अधिक गाडी चालवून गेलेला माणूस बंद फाटक पाहून हिरमुसतो. पण त्या दिवशी रानाला गाड्यांच्या धुळीपासून सुटका मिळते.

हा विचार पवित्र शास्त्राला नवा नाही. निर्गम पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात देव आपल्या प्रजेला सांगतो, की सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवा. त्यात जे उगवेल ते गरिबांनी खावे आणि उरलेले रानातल्या पशूंनी. लगेच पुढे सातव्या दिवसाची आज्ञा येते. तो दिवस कुणासाठी? बैलासाठी, गाढवासाठी, दासीच्या मुलासाठी, परक्यासाठी. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच आज्ञेची आठवण करून दिली आहे. देवाच्या विसाव्यात सर्वांना जागा आहे. माझ्या विसाव्यामुळे दुसऱ्याचा विसावा हिरावला जात असेल, तर तो देवाचा विसावा नव्हे.

आता आपण आपल्या सहलीकडे पाहू या. गाडी कोण चालवतो? एका रात्रीत पोहोचायचेच, म्हणून त्याला झोपू न देणे हा पराक्रम नाही. १ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर याच महामार्गावर सिंदखेडराजाजवळ एका खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ प्रवाशांचा अंत झाला. सरळ रस्ता आणि रात्रीचा प्रवास म्हटला की सावधगिरी हवीच. डोळे जड होताच गाडी थांबवणे, हीसुद्धा देवाने दिलेल्या जिवाची राखण आहे.

डबे, कपडे, औषधे सगळे आईनेच पाहायचे, तर तिची सुट्टी कधी सुरू होणार? आणि घर राखायला मागे ठेवलेली आजी? कोंबड्यांना दाणे आणि झाडांना पाणी घालण्यापुरतीच ती आपल्याला आठवते का? तिला प्रवास झेपत नसेल, तर रोज संध्याकाळी तिला फोन करून दिवसभराची हकीकत तरी सांगावी.

वाघ दिसला नाही की काहीजण गाईडवर चिडतात. पैसे फुकट गेले म्हणतात. एकशे चारावे स्तोत्र सांगते, की रानातले सिंहदेखील आपले अन्न देवाकडे मागतात. वाघ देवाचा आहे, आपल्या तिकिटाचा नाही. आणि गाईड हा बहुधा जवळच्याच गावचा माणूस असतो. वाघाला मोकळी जागा मिळावी म्हणून ताडोबाच्या जंगलातील काही गावांनी आपली घरे सोडली आहेत. आपण हौसेने वाघ शोधतो त्याच मे महिन्यात तिथल्या स्त्रिया पोटासाठी तेंदूपाने तोडायला रानात जातात. मे २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील सिंदेवाही तालुक्यात अशा तीन स्त्रिया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मरण पावल्या. शास्त्रातल्या त्या आज्ञेत गरीब आणि रानपशू शेजारी शेजारी आहेत. तिथे तर ते प्रत्यक्षच शेजारी राहतात. आजच्या शुभवर्तमानात मचवा किनाऱ्याला लागला तेव्हा लोक आधीच येऊन थांबले होते. प्रभूने तोंड फिरवले नाही, त्याला त्यांचा कळवळा आला. आपणही त्या गावांतून नुसती धूळ उडवीत जाऊ नये.

शेवटी रविवारची मिस्सा. सहल आहे म्हणून मिस्सा चुकवू नये. नागपुरात सरधर्मप्रांताचे कथीड्रल आहे. चंद्रपूर परिसरात चांदा धर्मप्रांत असून तो सिरो-मलबार विधीचा आहे. धर्मसभेच्या कायद्याच्या १२४८ व्या कलमानुसार कोणत्याही कॅथलिक विधीच्या मिस्सेत, रविवारी किंवा आदल्या संध्याकाळी, भाग घेतला तरी आपले कर्तव्य पूर्ण होते. निघण्यापूर्वीच वेळ विचारून ठेवावी. आपली धर्मसभा केवढी मोठी आहे, हेही मुलांना तिथे दिसेल.

सहलीसाठी संकल्प :
१. निघताना आणि परतल्यावर सर्वांनी मिळून प्रार्थना करू.
२. प्रवासात एक दिवस आईला कोणतेही काम सांगणार नाही.
३. गाईड आणि चालक यांची नावे विचारू, त्यांचे आभार मानू.
४. रानात प्लास्टिक टाकणार नाही, आरडाओरडा करणार नाही.

प्रार्थना करू या : हे प्रभो, तू आम्हांला विसावा देतोस. तो एकट्याने उपभोगण्याचा मोह आमच्यापासून दूर ठेव. प्रवासात आमचे रक्षण कर, आणि रानाच्या काठाने राहणाऱ्या आमच्या बांधवांचेही. आमेन.